गांवच्या चावडीची दुरुस्ती : सह्या पुष्कळ, डोळा एकहि नाहीं

शेतकऱ्याच्या घरीं दुरुस्तीचें काम निघालें म्हणजे तो काय करतो हें सर्वांस ठाऊक आहे. गोठ्याचें आढें बदलावयाचें असो कीं विहिरीचा ढासळलेला कांठ बांधावयाचा असो, तो प्रथम दोन जाणत्या माणसांस दाखवितो, सुतारास व गवंड्यास विचारतो, माल स्वतः पाहून आणतो आणि काम चालू असतां दिवसांतून चार वेळां तेथें जाऊन उभा राहतो. अशा घरीं फसवणूक होतच नाहीं असें नाहीं. पण होते ती थोडी होते व लौकर उघडकीस येते. तोच शेतकरी गांवच्या चावडीची, पंचायतीच्या कचेरीची किंवा शाळेच्या खोलीची दुरुस्ती निघाली म्हणजे जातां जातां नुसता पाहतो आणि पुढें जातो. वस्तुतः त्या कामांत जाणारा पैसा त्याच्याच घरपट्टीचा, त्याच्याच जमीनमहसुलावरील उपकराचा आणि त्यानें बाजारांत घेतलेल्या प्रत्येक वस्तूवरील कराचा असतो.

मोठीं धरणें, मोठे पूल, मोठे रस्ते यांतील घोटाळ्यांची चर्चा वर्तमानपत्रांतून होते. लहान कामांची चर्चा कोणी करीत नाहीं. रक्कम थोडी, इमारत जुनी, गांव आडवळणीं. अशा कामाकडे वरिष्ठांचें लक्ष जात नाहीं आणि गांवाचेंहि जात नाहीं. पण असलीं लहान कामें प्रत्येक तालुक्यांत दर वर्षीं अनेक निघतात. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कारकुनींत गेलें असल्यानें चावडीशीं त्याचा संबंध निकटचा आहे. सबब त्याच इमारतीच्या दुरुस्तीविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

आमच्या तालुक्यांतील एका गांवचें उदाहरण घेतों. गांवाचें नांव देण्याचें कारण नाहीं. तसें गांव वाचकांपैकीं पुष्कळांस आपल्या जवळच सांपडेल. तेथील चावडी जुनी, काळ्या दगडाची, चुन्यांत बांधलेली; वर सागवानी कैच्या आणि मंगलोरी कौलें. इमारत मुळांत धडधाकट होती. दोष एवढाच कीं, वाऱ्यानें व माकडांनीं कौलें सरकलीं होतीं, दोन ठिकाणीं रिपा कुजल्या होत्या आणि दोन पाखांच्या सांध्यांतील पन्हळ गंजून तिला भोंकें पडलीं होतीं. दप्तराच्या कपाटावर पाणी ठिबकूं लागलें म्हणून तक्रार झाली. एक सुतार, दोन गडी, कांहीं कौलें, थोड्या रिपा आणि एक नवी पन्हळ, एवढ्यावर आठवडाभरांत भागावें असें तें काम होतें.

अंदाजपत्रक झालें तें मात्र निराळेंच. कौलें उतरवून पत्रे घालणें, शहाबादी फरशी उखडून गुळगुळीत लाद्या बसविणें, भिंतींचा चुन्याचा गिलावा खरवडून सिमेंटचा करणें, आंतबाहेर रंग देणें, दर्शनीं कमान उभारणें आणि तिच्यावर नांवांची पाटी लावणें, अशीं कलमें त्यांत होतीं. पन्हळीचें कलम त्यांत नव्हतें.

मंजुरी फाल्गुनांत आली. मार्चच्या ३१ तारखेपूर्वीं पैसा खर्चीं पडला नाहीं तर तो परत जाईल, या भीतीनें काम घाईनें सुरू झालें. कौलें उतरलीं, उतरलेलीं कौलें व सागवानी लांकूड कोठें गेलें याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. पत्रे येण्यास उशीर लागला. दप्तराचीं गाठोडीं बांधून एका खासगी घराच्या पडवींत नेऊन ठेविलीं. मृग लागला तेव्हां छप्पर अर्धें उघडें होतें. पुढें पत्रे बसले. पण खिळे पत्र्याच्या उंचवट्यावर मारावयाचे ते खळगींत मारले, त्यामुळें प्रत्येक खिळ्याशीं पाणी आंत येऊं लागलें. चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढविल्यानें भिंतींत मुरलेल्या ओलीस बाहेर पडण्यास वाट राहिली नाहीं, आणि दुसऱ्या वर्षीं तो गिलावा कमरेइतक्या उंचीपर्यंत फुगून सुटूं लागला. कमान मात्र ठरल्याप्रमाणें उभी राहिली व पाटीहि लागली.

दप्तर दीड वर्ष पडवींत होतें. त्या मुदतींत एका कुटुंबांतील कर्ता पुरुष वारला. वारसाच्या नोंदीस हरकत निघाली आणि जुना फेरफार पाहणें अवश्य झालें. तें पुस्तक कोणत्या गाठोड्यांत आहे हें कोणासहि सांगतां येईना. सांपडलें तेव्हां त्याच्या कडा वाळवीनें खाल्लेल्या होत्या आणि ओलीनें शाई पसरलेली होती. नोंद अडली, नोंद अडल्यानें पीककर्ज अडलें, आणि त्या घरीं त्या वर्षींचें बीं-खत सावकाराच्या पैशानें आणावें लागलें. चावडीच्या छपराचा आणि शेतकऱ्याच्या पेरणीचा संबंध काय असें ज्यास वाटत असेल, त्यानें या घराचा विचार करावा.

यावर कोणी म्हणेल कीं, आतां सातबारा संगणकावर आला आहे, २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा उतारा घरबसल्या मिळतो, मग गांवच्या कागदांची एवढी काळजी कशाला? उतारा मिळतो ही गोष्ट खरी आणि ती सोय मोठी आहे. पण उतारा आजची स्थिति सांगतो. ती स्थिति कशी आली हें जुने फेरफार, टिपणें व वाटपाचे कागदच सांगतात. तंटा उत्पन्न होतो तो बहुधा कशी आली याविषयींच. पुष्कळ जुन्या कागदांच्या प्रतिमा घेतल्या गेल्या आहेत. परंतु मूळ कागदावरील शाईच पसरलेली असेल तर प्रतिमेंतहि तो डागच उतरणार. २०२३ सालीं न्यायमूर्ति संदीप शिंदे समितीच्या कामाकरितां प्रथम मराठवाड्यांत व पुढें राज्यभर जुन्या नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हां मोडी लिपींतील दप्तरें बाहेर काढावीं लागलीं. ज्या कागदास काल कोणी रद्दी म्हणत होता, त्याच्याकरितां आज शेंकडों लोक रांगेंत उभे राहतात. कोणत्या कागदाचें काम केव्हां पडेल हें सांगतां येत नाहीं. म्हणून सर्वच कोरडे राखले पाहिजेत.

आतां दोष कोणाचा हें पाहूं. चावडीचा पूर्वीं कोणी तरी धनी असे. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें आणि मुलकी पाटीलकी १९६२ च्या कायद्यानें नाहींशी झाली. तो काळ परत यावा असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं; त्या चावडीची पायरी गांवांतील सर्वांस सारखी नव्हती, हें विसरतां कामा नये. पण वतनें गेल्यावर चावडी सर्वांची व्हावयास पाहिजे होती, ती कोणाचीच झाली नाहीं. इमारत महसूल खात्याची, काम बांधकाम खात्याचें किंवा जिल्हा परिषदेचें, जागेचा उपयोग करणारा तलाठी (ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), आणि शेजारीं पंचायत. छप्पर गळूं लागलें म्हणजे प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवितो, आणि पैसा आला म्हणजे प्रत्येकजण सहीपुरता हजर होतो.

उपरोक्त गांवीं घडलें तें असें. अंदाजपत्रक करणारे अभियंते एकदांच, तेंहि उन्हाळ्यांत आले. पाणी कोठून येतें हें उन्हाळ्यांत दिसत नाहीं आणि तलाठ्यास त्यांनीं विचारलें नाहीं. मान्यता देणारानें इमारत पाहिली नाहीं, अंदाजपत्रक पाहिलें. ठेकेदारानें बऱ्याच कमी दराची निविदा भरली व ती स्वीकारली गेली. मापें घेणारानें ठेकेदारानें सांगितलेलीं मापें पुस्तकांत लिहिलीं. देयक मंजूर करणारानें पुस्तक पाहून सही केली. प्रत्येकाचा कागद नियमाप्रमाणें पुरा आहे. चौकशी झाली तर कागदावर दोष निघावयाचा नाहीं. दोष छपरांत आहे, आणि छप्पर कागदास जोडलेलें नसतें.

येथें ठेकेदाराविषयींहि न्यायानें बोललें पाहिजे. अंदाजपत्रकांतील दर सरकारी दरसूचीवरून काढलेले असतात. त्यांहून फार कमी दरानें काम घेणारा माणूस धर्मार्थ घेत नाहीं. कमी पडणारा पैसा तो सिमेंटांतून, लोखंडांतून आणि मजुरींतून काढणार हें उघड आहे. शिवाय देयक महिनेच्या महिने अडकून राहतें, हीहि त्याची तक्रार पुष्कळदां खरी असते. स्वस्त तें घ्यावें हा नियम आपण करावा, आणि मग माल हलका निघाला म्हणून एकट्या ठेकेदारास शिव्या द्याव्या, हें बरोबर नाहीं. बाजारांत निम्म्या किंमतींत बैल मिळूं लागला तर शेतकरी आधीं त्याचे दांत पाहतो. कमी दराच्या निविदेचे दांत पाहण्याची जबाबदारी ती स्वीकारणारावर आहे.

पंचायतीच्या अडचणीहि खऱ्या आहेत. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानें तिच्यावर कामें पुष्कळ टाकलीं, पण हातांत पैसा मोजका. २०२१ ते २०२६ या मुदतीच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानांत ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांकरितां राखून ठेविलेला होता. उरलेल्या ४० टक्क्यांत गांवच्या बाकीच्या गरजा बसवावयाच्या. अशा स्थितींत दर वर्षीं थोडी थोडी डागडुजी होत नाहीं, आणि पांच-दहा वर्षांनीं एकदम मोठी रक्कम आली म्हणजे ती दिसणाऱ्या कामावर खर्च करण्याचा मोह होतो. कमान दुरून दिसते. पन्हळ कोणास दिसत नाहीं. पण चावडी टिकते ती पन्हळीनें.

आमच्या मतें रोगाचें मूळ एकच आहे: जें काम जागेवर जाऊन करावयाचें तें बसल्या जागीं लिहिलें जातें. शेतकऱ्यांस हा रोग नवा नाहीं. पीकपाहणी शेतांत न जातां चावडींत बसून लिहिली म्हणजे कापसाच्या रानांत ज्वारी कशी उगवते, हें त्यांनीं अनुभविलेलें आहे. त्या रोगावर उपाय कोणता झाला? १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि आपल्या पिकाची नोंद छायाचित्रासह स्वतः करण्याची सोय शेतकऱ्यास मिळाली. त्या पद्धतींत अडचणी आहेत; परंतु ज्याचें शेत त्यानें पहावें, हें तत्त्व बिनचूक आहे. चावडीच्या मापासहि तेंच तत्त्व लावावें, एवढेंच आमचें मागणें.

कोणी म्हणेल, बांधकामांतलें आम्हांस काय कळतें? ही समजूत खोटी आहे. एक साधें गणित पहा. शंभर चौरस मीटर भिंतीस १२ मिलिमीटर जाडीचा, एकास चार या प्रमाणाचा (म्हणजे एक भाग सिमेंट व चार भाग वाळू) गिलावा करावयाचा तर सुमारें ११ ते १२ गोणी सिमेंट लागतें. तोच गिलावा एकास आठ केला तर ६ ते ७ गोण्यांत भागतो. वरून रंग दिला म्हणजे दोन्ही सारखेच दिसतात. फरक दोन पावसाळ्यांनंतर कळतो. पण काम चालू असतां रिकाम्या गोण्या मोजणें हें कोणत्या विद्वानाचें काम आहे? अंदाजपत्रकांतील प्रमाण वाचावें, भिंत मोजावी, गोण्या मोजाव्या. खताच्या गोण्या मोजणारास हें जड जाऊं नये. सिमेंटच्या गोणीवर तें केव्हां तयार झालें याची नोंद असते. तीन महिन्यांहून अधिक पडून राहिलेल्या सिमेंटची शक्ति कमी होते. नव्या गिलाव्यावर निदान सात दिवस पाणी मारलें पाहिजे. ज्या ठेकेदारानें काम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशीं सामान हलविलें, त्याच्या गिलाव्यास पाणी कोणीं मारलें हें विचारावें.

मापाचेंहि तसेंच. तीस फूट लांब व दहा फूट उंच भिंत म्हणजे एका बाजूस तीनशें चौरस फूट. तिच्यांत सात फूट उंच व चार फूट रुंद दार असेल तर त्याचे अठ्ठावीस चौरस फूट होतात. दोन्ही बाजूंस गिलावा केल्यास एवढ्या दाराची एका बाजूची वजावट करण्याचा नियम आहे. ती झाली आहे कीं नाहीं हें मापाच्या पुस्तकाची नक्कल घेऊन फीत धरली म्हणजे पाव घटकेंत कळतें. जमिनीच्या मोजणींत बांधाच्या वितीवरून भांडणारांनीं चावडीच्या भिंतीचीं मापें डोळे मिटून मान्य करावीं, याचें नवल वाटतें.

नक्कल मिळेल कशी, असा प्रश्न राहतो. महाराष्ट्रांत माहितीच्या अधिकाराचा कायदा २००२ सालींच झाला होता. पुढें सबंध देशाचा २००५ चा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून अंमलांत आला. त्याप्रमाणें दहा रुपयांचें शुल्क भरून अर्ज केल्यास सामान्यतः तीस दिवसांच्या आंत माहिती दिली पाहिजे. फार थोड्यांस ठाऊक आहे कीं, या कायद्यांत केवळ कागदांच्या नकलाच नव्हे, तर प्रत्यक्ष कामाची पाहणी करण्याचा व मालाचा प्रमाणित नमुना घेण्याचाहि हक्क आहे. शिवाय पंचायतीच्या खर्चाचे आंकडे २०२० सालीं सुरू झालेल्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर पाहतां येतात; गांवांतील शाळकरी मुलगाहि ते भ्रमणध्वनीवर काढून दाखवील.

तथापि अर्ज, तक्रार, चौकशी हे काम बिघडल्यानंतरचे उपाय होत. बिघडूं न देण्याकरितां पुढील गोष्टी गांवानें धरून ठेवाव्या असें आम्हांस वाटतें.

पहिली गोष्ट, दुरुस्तीचें अंदाजपत्रक मंजुरीस जाण्यापूर्वीं ग्रामसभेंत कलमवार वाचलें जावें. नुसती एकूण रक्कम सांगून भागूं नये. इमारतीचा दोष काय आणि त्या दोषावर कोणतें कलम आहे, एवढें विचारलें तरी निम्मीं अनावश्यक कलमें गळून पडतील. आधीं छप्पर, मग पाण्याचा निचरा, मग भिंत, मग फरशी आणि सर्वांच्या शेवटीं रंग, हा क्रम सोडूं नये.

दुसरी गोष्ट, जुन्या इमारतीचें काम गांवांतील जाणत्या गवंड्यास व सुतारास दाखविल्याशिवाय ठरवूं नये. चुन्याच्या भिंतीस चुनाच मानवतो हें त्यास पुस्तकावांचून कळतें.

तिसरी गोष्ट, काढलेल्या सामानाची, म्हणजे लांकूड, कौलें, फरशी, लोखंड यांची यादी करून ती पंचायतीच्या दप्तरीं ठेवावी. ही गांवची मत्ता आहे.

चौथी गोष्ट, दप्तर हलवावयाचें असल्यास कोणतें पुस्तक कोणत्या गाठोड्यांत आहे याची यादी दोन प्रतींत करावी, एक तलाठ्याकडे व एक पंचायतीकडे असावी, आणि नवी जागा कोरडी आहे हें पाहूनच तें हलवावें. छप्पर उघडण्यापूर्वीं माल जागेवर आलेला असावा. मृगापूर्वीं जें मिटणार नाहीं तें छप्पर उघडूंच नये.

पांचवी गोष्ट, मापें घेतांना ग्रामसभेनें नेमलेले दोन खातेदार हजर असावे आणि त्यांनीं तीं मापें आपल्या वहींत टिपून घ्यावीं. त्यांनीं सही करणें कायद्यानें लागत नाहीं. त्यांनीं पाहणें पुरे आहे. कोणी पाहत आहे एवढें कळलें तरी फितीचें टोंक जागेवर राहतें.

सहावी गोष्ट, ठेकेदाराची अनामत रक्कम एक पुरा पावसाळा छपरावरून गेल्याशिवाय परत होऊं नये, असें करारांतच घालावें. छपराची परीक्षा पाऊसच करतो. दुसरा परीक्षक नाहीं.

आणि सातवी गोष्ट सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित: दर वैशाखांत शाकारणी. आपलें घर आपण शाकारतों, चावडी शाकारीत नाहीं. पंचायतीनें वार्षिक अंदाजपत्रकांत त्याकरितां लहानशी रक्कम नेमून ठेवावी. पांच सरकलेलीं कौलें वेळेवर बसविलीं तर पांच वर्षांनंतरची मोठी दुरुस्ती, तिची निविदा आणि तिची कमान हें सर्वच टळेल.

यावर आक्षेप येतो तो वैराचा. हिशेब विचारला कीं तो अमक्या पक्षाचा असें म्हणतात, आणि भावकींत वांकडें येतें. हें खरें आहे. म्हणूनच हा प्रश्न एकट्यानें व काम बिघडल्यावर न विचारतां, सर्वांनीं मिळून व काम सुरू होण्यापूर्वीं विचारावा. सरपंच आपल्या बाजूचा असतांनाहि जो अंदाजपत्रक वाचावयास मागतो, त्याच्या विचारण्यास पक्ष चिकटत नाहीं. प्रामाणिक सरपंचास व अभियंत्यास तर हें हवेंच असतें. गांव पाहत आहे असें सांगून तो वरून येणारी घाई व बाजूनें येणारा आग्रह दोन्ही थोपवूं शकतो.

वाचकहो, आपल्यापैकीं बहुतेक खातेदार आहेत, लिहितां-वाचतां येणारे आहेत आणि ग्रामसभेचे सभासद आहेत. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, गांधीजयंती अशा दिवशीं बहुधा ग्रामसभा भरते. तींत ठराव होतात आणि कोरम भरला असें लिहिलें जातें. येत्या सभेस जातांना दोन गोष्टी बरोबर न्याव्या: खिशांत मापाची फीत, आणि हा एक प्रश्न, "आमच्या चावडीवर यंदां काय खर्च होणार आहे, आणि तें अंदाजपत्रक आम्हांस वाचून दाखवाल काय?" उत्तर लेखी नोंदवून घ्यावें. पुढच्या पावसांत दप्तर कोरडें राहिलें तर त्या एका प्रश्नाचें चीज झालें असें समजावें.